व्यापाऱ्याच्या टेबलावरचं कार्ड लायब्ररीतून आलं; ते आणणाऱ्या मेल्विल ड्यूईची गोष्ट

गोंदिया म्हटलं की तांदूळ आठवतो. राईस मिल, आडत्यांच्या पेढ्या, बिडीचा जुना धंदा आणि मुंबई-हावडा लाईनवरचं मोठं जंक्शन. मोबाईल हातात येण्याआधी अशा गावातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या टेबलाचा खण उघडला असता तर आत काय सापडलं असतं? रबर बँड लावलेला व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा. बारदानवाला, ट्रान्सपोर्टवाला, रायपूरचा दलाल, नागपूरचा वकील, सगळे एकावर एक.

आणि ऐनवेळी पाहिजे तो माणूस त्यात सापडत नाही, हे ओघानं आलंच.

आता त्याच गावातल्या एखाद्या कॉलेजच्या लायब्ररीत चला. लायब्ररी ड्यूई पद्धतीची असेल तर मराठी कादंबरीच्या कण्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत ८९१.४६ पासून सुरू होणारा आकडा दिसेल. हिंदीचा ८९१.४३, गुजरातीचा ८९१.४७. अमेरिकेतल्या एका माणसाने १८७६ मध्ये काढलेल्या पद्धतीतले हे आकडे.

व्यापाऱ्याचा खण आणि लायब्ररीचं कपाट यांचा एकमेकांशी काय संबंध? संबंध आहे. एका माणसाचं एक कार्ड, अशी कार्डं ओळीने लावलेला एक खण, ही व्यवस्था जगभरातल्या बँकांमध्ये आणि ऑफिसांमध्ये पोहोचवण्यात ज्या कंपनीचा मोठा वाटा होता, ती कंपनी याच ग्रंथपालाने काढली होती. त्याचं नाव मेल्विल ड्यूई. त्याने जगाला व्यवस्था दिली हे खरं. पण कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं या बाबतीत त्याने जे केलं, त्याची किंमत इतरांना मोजावी लागली आणि नंतर त्यालाही.

डिक्शनरीसाठी पायपीट

१० डिसेंबर १८५१. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात ॲडम्स सेंटर नावाचं छोटं गाव. वडील बूट बनवायचे आणि एक दुकान चालवायचे. पाच भावंडांमध्ये हा शेंडेफळ. हंगेरीचा क्रांतिकारक कोशूट तेव्हा अमेरिकेत गाजत होता, म्हणून पोराचं नाव ठेवलं मेल्विल लुई कोशूट ड्यूई.

घरची परिस्थिती बेताची, वळण कडक. लहानपणीच तो आईच्या कोठीघरातले डबे आणि बरण्या पुन्हा नीट लावून द्यायचा असं सांगतात. पैसे साठवून वेबस्टरची जाडजूड डिक्शनरी विकत आणायला तो शेजारच्या वॉटरटाउन शहरापर्यंत कित्येक मैल पायी गेला, हा किस्साही त्याच्या प्रत्येक चरित्रात येतो.

१८६८ मध्ये शाळेला आग लागली. पुस्तकं वाचवायला गेलेल्या ड्यूईच्या छातीत धूर गेला, खोकला जाईना. हा मुलगा फार दिवस काढणार नाही असं डॉक्टरांना वाटलं. तो पुढे वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत जगला, पण वेळ कमी आहे ही भीती त्याच्या डोक्यात कायमची बसली. मग त्याने वेळ खाणाऱ्या प्रत्येक गोष्टीशी वैर धरलं. इंग्रजी स्पेलिंगमधली न उच्चारली जाणारी अक्षरं त्याला खटकायची. इंच-फूट खटकायचे, मीटर-सेंटीमीटर हवे असायचे. स्वतःच्या नावातली दोन फालतू अक्षरं त्याने कापली, मधली दोन नावंही टाकली, आणि काही काळ तर आडनावसुद्धा उच्चाराप्रमाणे तीनच अक्षरांत लिहिलं.

विक्षिप्त होता, यात शंका नाही. पण या विक्षिप्तपणातूनच पुढचं सगळं निघालं.

ॲम्हर्स्ट कॉलेजात शिकताना खर्च भागवायला त्याने कॉलेजच्या लायब्ररीत काम धरलं. तेव्हा पुस्तकाची जागा ठरलेली असायची: अमुक कपाट, तमुक फळी. नवी पुस्तकं आली, फळी भरली, की सगळं हलवा आणि सगळ्या नोंदी पुन्हा लिहा. ड्यूईने आकडा कपाटाला न देता पुस्तकाला दिला. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. त्यापुढे टिंब देऊन हवे तेवढे आकडे वाढवा. कपाट बदललं तरी पुस्तकाचा आकडा बदलत नाही. १८७६ मध्ये ४४ पानांची पुस्तिका निघाली. पहिल्या पानावर त्याचं नावही नव्हतं. वय होतं २४.

वहीत अडकलेली माणसं

हीच अडचण व्यापाऱ्यांचीही होती. खतावणी आठवा. प्रत्येक गिऱ्हाइकाला पानं ठरवून द्यायची. एखाद्याचा व्यवहार वाढला की त्याची पानं भरतात आणि त्याचं खातं वहीच्या शेवटी कुठेतरी कोऱ्या जागेत न्यावं लागतं. दुसरा धंदा गुंडाळून निघून गेला तरी त्याचं पान वहीत तसंच बसून राहतं. नवं गिऱ्हाईक आलं, नाव कदम, पण क च्या पानावर जागाच नाही. दिवाळीला नवी वही घेतली की चालू माणसं पुन्हा एकदा उतरवून काढायची. बांधलेल्या वहीत मधेच कोणाला घुसवता येत नाही आणि मधूनच कोणाला काढता येत नाही.

सुट्या कागदावर एक-एक नोंद करण्याची युक्ती ड्यूईच्या फार आधीची. वनस्पतींची नावं ठरवणारा लिनियस अठराव्या शतकात सुट्या चिठ्ठ्या वापरायचा. फ्रान्समध्ये तर पत्त्यांचा वापर झाला, म्हणजे खेळायच्या पत्त्यांचा. तेव्हा पत्त्यांची मागची बाजू कोरी असायची. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या लायब्ऱ्या सरकारजमा झाल्या तेव्हा, १७९१ मध्ये, त्या पुस्तकांची यादी पत्त्यांच्या पाठीवर करा असा हुकूम निघाला होता. बदाम राणीच्या पाठीवर धर्मग्रंथाची नोंद, असा सगळा मामला.

मग ड्यूईने नवीन काय केलं? त्याने सगळी कार्डं एका मापाची केली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खरा खेळ तिथेच आहे. माप वेगळं असेल तर एकाचं कार्ड दुसऱ्याच्या खणात बसत नाही, एका गावचा खण दुसऱ्या गावच्या कार्डाला चालत नाही, आणि कारखान्याला हजारांनी माल काढता येत नाही.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लायब्ररी असोसिएशन उभी राहिली. ती उभी करण्यात ड्यूई पुढे होता आणि सभासद क्रमांक एक म्हणून त्याने स्वतःचंच नाव घातलं. पुढच्याच वर्षी संघटनेने कार्डांची मापं ठरवली. त्यातलं जे पुढे जगभर चाललं ते ७.५ बाय १२.५ सेंटीमीटर. मेट्रिकचं वेड इथे कामी आलं. दुकानदार त्याला तीन बाय पाच म्हणत राहिले, पण मूळ माप सेंटीमीटरमधलं, म्हणून ते तीन बाय पाच इंचांपेक्षा केसभर लहानच भरतं.

कार्डाच्या खालच्या बाजूला भोक आणि त्यातून जाणारी सळई, म्हणजे खण सांडला तरी क्रम मोडत नाही. मधे मधे वर डोकावणारी जाड कार्डं, त्यांवर अक्षरं. वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली कार्डं एकसारखी दिसावीत म्हणून ग्रंथपालांसाठी ठरावीक वळणाचं अक्षरही शिकवलं जाऊ लागलं.

ग्रंथपालाची कंपनी बँकेत शिरते

सामान विकायला दुकान लागतंच. ड्यूईने आधी एक कंपनी काढली आणि तिथे घोळ घातला. वेगवेगळ्या संस्थांचे पैसे त्याने एकाच थैलीत घातले. १८८० मध्ये भागीदार कोर्टात गेले, व्यवहार थांबले. त्यातून कसाबसा बाहेर पडून त्याने लायब्ररी ब्युरो नावाने पुन्हा सुरुवात केली. कार्डं, खण, कपाटं, शाई, शिक्के, लायब्ररीला लागेल ते सगळं तिथे मिळायचं. पुढे रोजचा कारभार दुसऱ्यांच्या हातात गेला, पण ड्यूईचा हिस्सा राहिला.

धंदा फार मोठा नव्हता. लायब्ऱ्या किती आणि त्या वर्षाला खरेदी किती करणार? मग कंपनीच्या लोकांच्या लक्षात आलं की खरी गर्दी बँकांमध्ये आणि विमा कंपन्यांमध्ये आहे. हजारो खातेदार, जाडजूड वह्या, आणि एका वहीवर एका वेळी एकच कारकून. १८८० च्या दशकाच्या शेवटी ब्युरोने बँकेच्या नोंदी कार्डांवर आणायचं काम घेतलं आणि मग मागे वळून पाहिलं नाही.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने कार्डाचा फायदा साधा होता. नवं गिऱ्हाईक आलं की नवं कार्ड लिहून योग्य जागी सरकवायचं. पत्ता बदलला तर तेवढंच कार्ड बदलायचं. माणूस गेला तर कार्ड काढायचं, बाकी कोणालाही धक्का नाही. एकाच वेळी चार कारकून चार खण उघडून बसू शकतात. उधारी थकलेल्यांच्या कार्डाला रंगीत खूण लावली की सगळा खण वाचायची गरज उरत नाही. आणि तीच कार्डं नावाऐवजी गावाप्रमाणे लावली की गोंदियाची सगळी गिऱ्हाइकं एका जागी. आज आपण फोनमध्ये नाव टाइप करतो, फिल्टर लावतो, नंबर ब्लॉक करतो, त्यातलं बरंचसं त्या लाकडी खणात होतं.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात याच कंपनीने कागद आडवे न रचता उभे लावण्याची फाईल मांडली. सरकारी ऑफिसातलं ते स्टीलचं चार खणांचं कपाट डोळ्यांसमोर आणा, त्याचं मूळ तिथलं.

१७ मुली आणि गोदामातला वर्ग

१८८३ मध्ये ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपाल झाला. ग्रंथपाल तयार करणारं कॉलेजच नाही, हे त्याला सलत होतं. १८८७ च्या जानेवारीत त्याने ते सुरू केलं. पहिल्या वर्गात २० विद्यार्थी, त्यातल्या १७ मुली. कोलंबियात तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. विश्वस्तांनी वर्गासाठी खोली द्यायला नकार दिला. मग ड्यूईने रस्त्यापलीकडच्या एका चॅपलवरची सामान ठेवायची खोली झाडून घेतली आणि तिथेच शिकवायला सुरुवात केली.

एवढंच वाचलं तर माणूस हिरो वाटतो. पण शिकलेल्या बायका कमी पगारावर काम करतात, हे गणितही त्याच्या डोक्यात होतं आणि ते त्याने लपवलं नव्हतं. कोलंबियाशी पटेना, तेव्हा तो राज्याची राजधानी ऑल्बनीला गेला, कॉलेजही सोबत घेऊन गेला. तिथे स्टेट लायब्ररी त्याच्याकडे आली. १८९० च्या दशकात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवणाऱ्या फिरत्या लायब्ऱ्या त्याने तिथून सुरू केल्या.

क्लबच्या दारावरची पाटी

१८९५ मध्ये ड्यूई आणि त्याची बायको ॲनी, जी स्वतः ग्रंथपाल होती, यांनी डोंगरात लेक प्लॅसिड क्लब काढला. शिकलेल्या, कामाने दमलेल्या लोकांनी येऊन राहावं, हवा खावी. पण ज्यूंना प्रवेश नव्हता, काळ्या लोकांनाही नव्हता.

हा काही कुजबुजीत चालणारा नियम नव्हता, क्लबच्या छापील कागदांमधून तो लोकांपर्यंत जात होता. आणि नियम करणारा माणूस राज्य सरकारचा पगारी अधिकारी होता. त्याचा पगार ज्या करांमधून निघायचा ते कर न्यूयॉर्कचे ज्यू नागरिकही भरत होते. १९०५ मध्ये वकील लुई मार्शल यांच्या पुढाकाराने ज्यू समाजातल्या मान्यवरांनी राज्याच्या शिक्षण मंडळाकडे अर्ज केला, याला काढा. मंडळाने ड्यूईला जाहीर समज दिली. त्याच वर्षी त्याने राजीनामा दिला.

त्याच वर्षी आणखी एक प्रकरण घडलं. असोसिएशनच्या अधिवेशनानंतर काही ग्रंथपाल अलास्काच्या सहलीला गेले. त्या सहलीत ड्यूईने नको ते चाळे केले अशी किमान चार महिलांची तक्रार होती. तक्रार करणाऱ्या महिला त्याच क्षेत्रात काम करणाऱ्या होत्या. ज्या माणसाच्या शिफारशीवर नोकऱ्या मिळत त्याच्याविरुद्ध बोलायला त्या काळात काय हिंमत लागली असेल याचा अंदाज करा. १९०६ मध्ये, स्वतः उभ्या केलेल्या संघटनेतून ड्यूई बाजूला पडला. उघड चौकशी झाली नाही. त्याला फक्त गप्प बाजूला केलं गेलं, आणि पुढची अनेक वर्षं त्याच्या गौरवग्रंथांमध्ये या गोष्टी आल्याच नाहीत.

तिकडे नाव खाली, इकडे बडोद्यात कार्डं

आता आपल्याकडे येऊ. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. १९०६ मध्ये त्यांनी राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग पुढचा प्रश्न आला: शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांनी वाचायचं काय? नाही वाचलं तर शिकलेलं विसरणार.

अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तिथल्या लायब्ऱ्या बघितल्या आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. हा बॉर्डन ड्यूईच्या कोलंबियातल्या कॉलेजात शिकवलेला माणूस. राजवाड्यातली महाराजांची हजारो पुस्तकं लोकांसाठी खुली झाली, त्यातून सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. बॉर्डनने स्थानिक तरुणांना पुस्तकांची वर्गवारी आणि नोंदी करायला शिकवलं. ड्यूईची पद्धत त्याने जशीच्या तशी घेतली नाही, दुसऱ्या एका अमेरिकन पद्धतीशी तिची सांगड घालून बडोद्यासाठी वेगळी बनवली. खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या निघाल्या. १९१२ मध्ये लायब्ररी मिसेलनी हे नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. लायब्ररी कशी चालवावी यावर मराठीत नियमित मजकूर छापला जाऊ लागला, तोही महाराष्ट्राबाहेरच्या एका संस्थानात.

ड्यूईची पद्धत भारतात रुजली तशी तिची गोचीही दिसायला लागली. धर्मासाठी त्याने २०० ते २९९ एवढे आकडे ठेवले. त्यातला बहुतेक भाग ख्रिश्चन धर्माला. बाकी सगळ्या जगाचे धर्म २९० च्या घरात. हिंदू, बौद्ध, जैन मिळून २९४, आणि मग टिंबानंतर जागा करून घ्या. साहित्यातही मराठी येते ती ८९० मध्ये, म्हणजे इतर भाषांच्या कप्प्यात. ज्ञानेश्वरीपासून आजच्या कादंबरीपर्यंत सगळं या एका टिंबापुढे बसवायचं.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी मग १९३३ मध्ये स्वतःची द्विबिंदू पद्धत आणली. भारतातल्या अनेक लायब्ऱ्यांनी ती वापरली, तरी ड्यूईचे आकडे काही हटले नाहीत.

शेवट, आणि टेबलावर फिरणारं चाक

ड्यूई मात्र बदलला नाही. सत्तरी उलटल्यावरही एका माजी स्टेनोग्राफरने त्याच्याविरुद्ध दावा लावला आणि दोन हजारांहून जास्त डॉलर देऊन त्याला तो मिटवावा लागला. २६ डिसेंबर १९३१ ला फ्लोरिडात तो वारला.

त्याची कंपनी तोवर त्याच्या हातून केव्हाच गेली होती. लायब्ररी ब्युरो रँड कार्डेक्स या कंपनीत विलीन झाली आणि १९२७ मध्ये ती सगळी टाइपरायटरवाल्या रेमिंग्टनबरोबर जाऊन रेमिंग्टन रँड झाली. आपल्याकडे कोर्टाबाहेर टकटक करणाऱ्या टाइपरायटरवर हेच रेमिंग्टन नाव असायचं. आणि कार्डेक्स हा शब्द नर्सिंग शिकलेल्यांना आजही ओळखीचा आहे.

व्यापाऱ्यासाठी मात्र एक अडचण उरली होतीच. लाकडी खण कारकुनाच्या खोलीत, आणि फोन मालकाच्या टेबलावर. ती सोडवली न्यूयॉर्कच्या आर्नल्ड न्यूस्टॅटर या स्टेशनरीवाल्याने. अक्षर निवडलं की आपोआप त्या पानावर उघडणारी फोनची डायरी त्याने आधी काढली होती. १९५० च्या दशकात त्याने इंजिनिअर हिल्डॉर निल्सनकडून एक चाक बनवून घेतलं. चाकाभोवती कार्डं, प्रत्येक कार्डाच्या तळाशी खाच. ओढलं की निघतं, दाबलं की बसतं, बाजूची मूठ फिरवली की अ पासून ज्ञ पर्यंत सगळे समोरून जातात. नाव ठेवलं रोलोडेक्स. सेल्समन नोकरी सोडताना हे चाक सोबत नेणार की कंपनीचं म्हणून ठेवून जाणार, यावरून पुढे भांडणं व्हायची, कारण धंदा त्या चाकातच असायचा. आपल्याकडे ते चाक बड्या ऑफिसांपुरतंच राहिलं. बाकीच्यांचं काम प्लास्टिकचे कप्पे असलेल्या कार्ड अल्बमवर आणि रबर बँडवर भागलं.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ओसीएलसी या संस्थेने लायब्ररीची शेवटची कार्डं छापली आणि छपाई बंद केली. ड्यूईच्या आकड्यांचे हक्क १९८८ पासून याच संस्थेकडे आहेत. २०१९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या मोठ्या पुरस्कारावरून ड्यूईचं नाव काढायचा ठराव केला. सभासद क्रमांक एकचं नाव पदकावरून गेलं. आकड्यांना मात्र कोणी हात लावला नाही. नवी मराठी कादंबरी आली की ग्रंथपाल चिठ्ठीवर ८९१.४६ लिहितात आणि ती कण्यावर चिकटवतात.